अक्षदा मॅडमना फोन

विनीतने पेन पुढे केलं आणि सुमेधाने ते घेतलंही. तेवढ्यात तो म्हणाला, "फक्त एक अट आहे, मॅडम. तुमच्या अक्षदा मॅडम आमच्याकडे राहिल्या पाहिजेत. तुम्ही नसलात तरी चालेल."

सुमेधाने पेन खाली ठेवलं.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या गारेगार केबिनमध्ये तिला घाम फुटला. म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळायला बायका पुरवणारी तिची 'सोबत' एजन्सी विनीतची कंपनी विकत घेत होती. विकू की नको, या घोळात तिने घरच्यांचं डोकं खाल्लं होतं. सकाळी हो, संध्याकाळी नको. नवरा साईनाथ शेवटी वैतागून म्हणाला, "एकदाची विक आणि दुपारचं झोपायला शीक." खरंच थकली होती ती. जेवताना फोन, देवळात फोन, सख्ख्या भावाच्या हळदीत फोन. म्हणूनच आज मन घट्ट करून डोंबिवलीहून आली होती.

आणि आता हे अक्षदा प्रकरण.

अक्षदा नावाचं कुणी नव्हतंच. दिवा स्टेशनजवळच्या एका खोलीत एजन्सी सुरू झाली, तेव्हा सुमेधा एकटी होती. एकट्या बाईचा कारभार बघून गिऱ्हाईक बिचकायचं. मग ती म्हणायची, "थांबा हं, आमच्या अक्षदाला देते." फोनवर हात धरायची, जरा थांबायची आणि नाकातून, संथ आवाजात बोलायला लागायची. पुढे अक्षदासाठी वेगळा फोनही घेतला. सुमेधा तापट, गिऱ्हाईकाशीही भांडायची. अक्षदा सगळं ऐकून घ्यायची. समोरच्याला नक्की काय हवंय, ते त्याच्याआधी तिला कळायचं. कामावरच्या बायका रडायच्या त्याही तिच्यापाशीच. एजन्सी वाढली, ऑफिसात माणसं आली, अक्षदा मॅडम घरून काम करतात असं त्यांनाही सांगून झालं. लोक मात्र अक्षदालाच मागत राहिले.

"मी त्यांच्याशी आत्ताच बोलून घेतो ना," विनीत म्हणाला आणि त्याने नंबर लावला.

सुमेधाच्या पर्समधला दुसरा फोन थरथरला. "आलेच हं," म्हणत ती बाहेर जिन्यात पळाली.

खरं सांगावं तर इतक्या वर्षांची थाप उघडी पडणार. हो म्हणावं तर सोमवारी कामावर पाठवायचं कुणाला? नाही म्हणावं तर सौदा गेला. तिला हसू येत होतं आणि रडूही. आपणच उभी केलेली बाई आपल्यापेक्षा मोलाची ठरली, याचा थोडा हेवाही वाटला. फोन थांबायचं नाव घेईना. हो म्हणून मोकळं व्हायचं, पुढचं पुढे, असं ठरवून तिने तो कानाला लावला.

"अक्षदा मॅडम, तुमच्या मॅडम एजन्सी विकतायत. तुम्ही थांबाल ना आमच्याकडे?"

सुमेधाने तोंड उघडलं. आवाज सवयीने तोच आला, नाकातला, संथ, समजूतदार.

"सर, मी सांगितलं असं मॅडमना कळू देऊ नका," अक्षदा म्हणाली, "पण त्यांना विकायचं नाहीये हो."