इंटरव्हलनंतरची सासू

"मग, छंद काय तुमचा?" हर्षलनं विचारलं आणि पूजानं जीभ दाताखाली धरली.

छंद तसा एकच होता, आणि नेमकं त्याचंच नाव काढायचं नव्हतं. सकाळीच वडिलांनी, रंगनाथरावांनी, हात जोडले होते. "बाई, तुझ्या पाया पडतो. पाव्हनं जाईस्तोवर सिनेमाचं नाव काढू नको." त्यांचंही काही चुकत नव्हतं. मागचं राहात्याचं स्थळ हिनं सिनेमापायीच घालवलेलं. त्या मुलाच्या लाडक्या हिरोबद्दल ही सहज बोलून गेली, की गडी रडताना आणि शिंक येताना एकच तोंड करतो. पाहुणे चहा न घेताच उठले. तेव्हापासून बेलापुरात बोभाटा झाला, की रंगनाथची पोरगी लई फटकळ हाय.

आता हे नेवाशाचं स्थळ. मुलाचं बी-बियाणांचं दुकान, स्वभाव हसरा, आणि समोरचं माणूस बोलायला लागलं की मोबाईल खाली ठेवतो. पूजाला तो आवडला होता. उगाच कशाला खोटं बोला, चांगलाच आवडला होता. अडचण त्याच्या आईची, छबूबाईंची. बाई आल्यापासून गप्प. नवऱ्याशी नाही, मुलाशी नाही, कुणाशीच एक शब्द नाही. ही सासू मिळाली तर आपलं काही खरं नाही, असं पूजाच्या मनात येऊन गेलं.

दोघांना बोलायला आतल्या खोलीत पाठवलेलं, दार रीतीप्रमाणे अर्धं उघडं. बाहेर मोठी माणसं उसाच्या भावावर बोलत होती आणि कान सगळ्यांचे आत.

"विणकाम," पूजा म्हणाली.

"अरे वा. काय विणलंय?"

"चालू आहे... अजून."

हर्षल हसला. "मला तर सिनेमाशिवाय काही सुचत नाही. परवाच सगळे मिळून नगरला जाऊन तो नवा बघून आलो. ती सून शिलाई मशीन घेऊन घर सोडते, तो. बघितलात?"

पूजानं तो दोनदा बघितला होता. "ऐकलंय," ती कशीबशी म्हणाली.

"बघाच. शेवट तर एक नंबर! नवरा हात जोडून उभा राहतो, आणि ती एक शब्द न बोलता त्याच्या गाडीवर बसते. डोळ्यांत पाणी आलं आपल्या."

"शेवट?" आता मात्र पूजाला राहवेना. "अहो, शेवटानंच तर माती केली सगळ्याची!"

बाहेर उसाचा भाव एकदम थांबला.

"दोन तास ती बाई राबते, नवऱ्याचा मार खाते, मशीन डोक्यावर घेऊन बाहेर पडते, आणि ह्यानं जरा हात जोडले की लगेच गाडीवर?"

"मग काय करायचं? घटस्फोट घ्यायचा?"

"घ्यायचा की!"

बाहेर रंगनाथरावांना खोकल्याची उबळ आली. खोटी होती, लगेच कळत होतं. पूजालाही कळलं. हेही स्थळ गेलं. पण गेलंच आहे तर अर्धवट कशाला बोला?

"आणि मला एक सांगा, ती सासू कुठं गेली?"

"कोण सासू?"

"हिरोची आई हो! इंटरव्हलच्या आधी सुनेसाठी पोराशी भांडते. तिला लपवून भाकरी देते. मशीन घ्यायला स्वतःच्या गळ्यातलं मोडते. आणि इंटरव्हलनंतर बाईचा पत्ताच नाही! मेली म्हणावं, तर फोटोला हार नाही. गावाला गेली म्हणावं, तर कुणी बोलत नाही. सून घर सोडून चालली, आणि सासू कुठंय ह्याचं एकालाही काही पडलेलं नाही. डायरेक्टरच विसरला तिला!"



दार धाडकन उघडलं. छबूबाई दारात उभ्या. त्यांच्यामागे रंगनाथराव हात जोडून म्हणत होते, "पोरीचं मनावर घेऊ नका, मन साफ हाय तिचं..." पूजा उठून उभी राहिली. तिनं एकदा हर्षलकडे बघून घेतलं. एवढं चांगलं माणूस हातचं गेलं, तेही सिनेमापायी. तिला रडू यायला लागलं.

"काय म्हनलीस?" छबूबाईंनी विचारलं. "परत म्हन."

"सासू... इंटरव्हलनंतर दिसतच नाही."

छबूबाई गर्रकन वळल्या. "ऐका! ऐका आता, बहिऱ्यांनो! टाकीजातून भाईर पडल्या पडल्या इचारलं, सासू कुठं गेली? ह्यो माझा ल्योक म्हनतो, आई, एवढं कोन बघतं. आन हे तेचे वडील म्हनत्यात, तुला डुलकी लागली आसंल, तवा गेली आसंल. म्हनून तर तवापासनं दोघांशी बी बोलत न्हाई मी!"

मग त्यांनी पूजाला हाताला धरून शेजारी बसवलं आणि रंगनाथरावांना म्हणाल्या, "तारीख काढा, व्याही."

हर्षलचे वडील हनुमंतराव बिचकत पुढे आले. "अगं, पन पोरगी काय म्हनली ऐकलंस का? उद्या आपलंच घर सोडून निघाली मंजी?"

"निघू दे की," छबूबाई म्हणाल्या. "मी बी तिच्यासंगंच निघीन. मंजी मग कुनाला इचाराया नगं, सासू कुठं गेली."