घरचं मत

आमची प्रयोगशाळा हृदयाला जपणारा गहू घडवते. दर हंगामात नव्या वाणाचं पीठ घरी न्यायचं, पाव भाजायचा आणि घरच्यांचं मत कागदावर लिहून आणायचं, ही इथली रीत. यंदा सगळ्यांच्या घरून होकार आला, फक्त साहेबांच्या कागदावर नेहमीचंच, "बायको म्हणते, अजून कडवट लागतो."

एका बाईच्या जिभेपायी वाण अडलाय म्हणून माझं डोकंच फिरलं. मला इथे रुजू होऊन दोनच वर्षं झालेली, पण मी थेट त्यांच्या घरी गेले. टेबलावर दोन ताटल्या होत्या, एकीतला पाव तसाच.

"वहिनी कुठायत?"

"चार वर्षं झाली तिला जाऊन. हृदयविकारानं."

साहेबांनी हळूच विचारलं,


"आवडला असं लिहून टाकलं, तर उद्यापासून मी तिला काय विचारू गं?"