घट्ट झालेली माळ

आईची गळ्यालगत बसणारी मोत्यांची माळ ताईला मिळाली, तेव्हापासून माझा जळफळाट चालला होता. गेल्या वर्षी तिनं ती स्वतःहून माझ्या हातात ठेवली. “घट्ट होतेय गं मला. तूच घाल.” मी मनात म्हटलं, सासरचं सुख मानवलंय बाईला, म्हणून माझ्या वाळक्या मानेला टोमणा मारतेय! तरी माळ घेतलीच. आज ताईला बघायला हॉस्पिटलमध्ये जातानाही मुद्दाम घालून गेले. तिथं सगळं घर नेहमीसारखं तिच्याच भोवती. डॉक्टर म्हणाले, “लिव्हरमधली गाठ मूळची तिथली नाही. कॅन्सर थायरॉइडचा आहे, गळ्यातून पसरलाय. असं क्वचितच दिसतं. गळ्याशी कधी घट्ट वाटलं होतं? कुणाला सांगितलं होतंत?” माझा हात माळेवर गेला. ताईनं तो पाहिला. “वाटलं होतं,” ती शांतपणे म्हणाली, “पण कुणालाच सांगितलं नाही.” इथंही मोठेपणा तिनंच घेतला, माझ्या वाट्याला फक्त माळ.