दोघींना सारखंच

थोरलीनं थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं आणि हात एप्रनला पुसले. केकच्या मनुका भिजवायची रम चहात जिरली होती. साखर दुप्पट घातली होती, तरी वास लागतो का बघायला तिनं स्वतः चांगले चार घोट घेतले. लागत नव्हता.

बेकरीत दोघी जावांना सगळं सारखं. सासूबाईंचा नेमच तो. "एकीला बोटभर जास्त गेलं की दुसरीचं तोंड फुगतं," त्या म्हणायच्या. म्हणून एप्रन सारखे, छत्र्या सारख्या, काल आणलेले चष्मेसुद्धा एकाच काड्यांचे. "दोन दिवस गरगरेल, मग सवय होईल," चष्मेवाला म्हणाला होता.

व्हॅन मात्र एकच, आणि किल्ली धाकटीकडे. वीस वर्षं पीठ मळलं थोरलीनं. दुकानोदुकानी नाव झालं काल आलेलीचं. लायसन थोरलीकडेही होतं, पण ते कपाटात कुजत होतं. "धाकटीचा हात काय बसलाय गाडीवर," सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. ते ऐकलं की थोरलीच्या पोटात दुसरी भट्टी पेटायची.

भट्टी उघडताना वाफ धरते म्हणून दोघींनी चष्मे काढून फळीवर ठेवले. पाव बाहेर काढले, ट्रे भरले, घाईघाईनं चष्मे चढवले. धाकटी थर्मास घेऊन निघाली.

अर्ध्या तासानं थोरलीनं पोलिसांना फोन लावला. "पावाची पांढरी व्हॅन आहे. चालवणारी बाई प्यायलीय."

दहाला ठाण्यातून बोलावणं आलं. सासूबाई पुढे, थोरली मागे. पायरीवर थोरली अडखळली. सकाळपासून डोकं हलकं झालं होतं. आनंदही चढतो माणसाला.

धाकटी बाकावर बसली होती. "रस्ता नुसता डोळ्यांपुढे पोहत होता, आई," ती म्हणाली.

"यंत्रात फुंकून घेतलं, दारूचा आकडा मर्यादेच्या आत आहे," अधिकारी म्हणाला. थोरलीचा चेहरा पडला. "पण म्हणून सुटका नाही. गाडी दुभाजकाला घासली. रेषेवरून चालायला सांगितलं, तर तिसऱ्या पावलाला झोकांडी. आकडा कमी असला तरी गुन्हा लागतो. झोक जायचं दुसरं कारण दाखवा, कागद इथेच फाडतो."

"माझी सून खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेते," सासूबाई म्हणाल्या.

"थर्मासला वास येतोय. चहा कुणी भरला?"

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मीच," ती म्हणाली.

थोरलीला तेही सोसलं नाही. मोठेपणासुद्धा हिनंच लाटायचा.

"गाडीत अजून दीडशे पाव पडलेत," सासूबाई म्हणाल्या. "थोरले, नेशील ना व्हॅन? की विसरलीस?"

"विसरायला आधी कुणी दिली होती?"

किल्ली हातात पडली. थोरलीनं ती मुठीत आवळली. जाताना धाकटीकडे बघायला ती विसरली नाही.

ठाण्याच्या दारापासून फाटक चाळीस पावलांवर. पण फाटकाचा खांब दिसत होता तिथे नव्हता. होता तिथे व्हॅन जाऊन आदळली.

आवाजाला सगळे बाहेर धावले. अधिकाऱ्यानं तेच यंत्र थोरलीच्या तोंडापुढे धरलं. तिनं फुंकलं. आकडा मर्यादेच्या आत.

"आता रेषा," तो म्हणाला.

चौथ्या पावलाला थोरली त्याच्याच अंगावर कलंडली आणि तिचा चष्मा गळून पडला.

"वास तोच, झोकही तोच," अधिकाऱ्यानं दुसरा कागद काढला. "ह्यांनाही तोच गुन्हा."

सासूबाई पायरीवरच बसल्या. "सगळं सारखं द्यायचं म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या, "पण इतकं नव्हे गं बायांनो."

धाकटीनं पडलेला चष्मा उचलला. काच फुटली का बघायला स्वतःचा काढून तो डोळ्यांवर चढवला. मग समोरच्या भिंतीवरची पाटी तिनं शेवटच्या बारीक ओळीपर्यंत न अडखळता वाचून काढली, आणि फाटकापर्यंत सुतासारखी सरळ चालत जाऊन परत आली.

"जाऊबाई, चष्मा माझा आहे," ती म्हणाली. "आणि चहा तुमचा."