मीराचं आणखी एक वर्ष

"मोजे दोन घातलेस ना?" अनुपमानं फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला.

"दोन घातलेत. तू आधी हे बघ." स्क्रीनवरून मीराचा चेहरा गेला आणि पाणी आलं. पाण्याच्या अगदी काठावर काचेची भलीमोठी इमारत होती. "ही ओस्लोची लायब्ररी. सगळ्यांना मोकळी. आत शिरले, कोणी विचारलंसुद्धा नाही कोण म्हणून. तासभर खिडकीत बसले होते."

बोरिवलीत रविवारची दुपार होती. तव्यावर बांगडे चुरचुरत होते.

जर्मनीत बालशिक्षण शिकायला गेलेली मीरा सुट्टीत वर्गातल्या दोन मुलींबरोबर चार दिवस भटकायला निघाली होती. कोपनहेगन, स्टॉकहोम, ओस्लो. आणि हीच मीरा गेल्या वर्षापर्यंत एकटी विरारच्या पुढे गेली नव्हती. मध्येच सुटलेलं शिक्षण तिनं पुन्हा धरावं म्हणून अनुपमा हात धुऊन मागे लागली, फॉर्म स्वतः भरले. निवड झाल्यावर अख्ख्या बिल्डिंगीत पेढे वाटले आणि विमानतळावरून परतताना मात्र रिक्षात अशी रडली, की रिक्षावाल्यानं गाडी थांबवून तिला पाणी दिलं.

"स्टॉकहोमची मेट्रो सांगितली का तुला? जमिनीखाली खडक फोडून स्टेशन केलंय आणि खडक तसाच ठेवलाय. वरून निळ्या वेली रंगवल्यात. आपल्या कान्हेरीच्या लेण्यांत गाडी येऊन थांबली तर कसं वाटेल, तसं. मी तीन गाड्या सोडल्या गं, नुसती वर बघत राहिले."

"आणि बॅग? जिने असतील ना?"

"पोरी हातच लावू देत नाहीत बॅगेला."

"बरं करतात. जेवलीस?"

जेवणाचं उत्तर मीरानं दिलंच नाही. तिला कोपनहेगन सांगायचं होतं. तिथे कॉफीच्या दुकानांबाहेर बाबागाड्या उभ्या असतात, त्यांत बाळं गाढ झोपलेली, आणि आया आत काचेपलीकडे गप्पा मारत बसलेल्या.

"थंडीत, उघड्यावर. मी एका गाडीपाशी उभीच राहिले राखण करायला. त्या बाळाची आई आतून मला हात करून हसली."

"कोणी उचलून नेलं म्हणजे?"

"तेच मी तिला विचारलं. ती म्हणाली, कोण नेणार? इतकं सरळ म्हणाली. एका अख्ख्या शहराचा एवढा विश्वास. पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघितलं तेव्हा अंगावर काटा आला."

काटा अनुपमाच्याही अंगावर आला. बांगडे उलटायचे राहून गेले.

मग मीरानं टोपी कानांवर नीट ओढून घेतली. "त्यांना आज कळवायचंय. पुढच्या वर्षाचं."

हा विषय आठ दिवस दोघींमध्ये अडकून होता. आणखी एक वर्ष राहून पुढचा कोर्स कर, असं मीराला युनिव्हर्सिटीनं विचारलं होतं आणि अनुपमानं साफ नाही म्हटलं होतं. जूनचं तिकीट काढून झालंय. आजारी पडलीस तर तिथे कोण आहे? डिसेंबरात मीरा तापानं फणफणली तेव्हा अनुपमानं इथे फोन उशाशी ठेवून दिवस काढले होते. ते पुन्हा नको होतं. खरं तर तिला मीरा घरात हवी होती, एवढंच.

"तू नको म्हणालीस तर येते," मीरा म्हणाली. "रुसणार नाही. तुझ्या मनाविरुद्ध नाही राहायचं मला."

तिचं नाक थंडीनं लाल झालं होतं, टोपी कानांवर ओढलेली. बोलता बोलता ती पुन्हा पुन्हा पाण्याकडे मान वळवत होती. तिचं तोंड इतकं उजळलेलं अनुपमानं कधी पाहिलं नव्हतं. तिला आधी हेवा वाटला, मग स्वतःचीच लाज वाटली.

तिनं गॅस बंद केला.

"कळव त्यांना, राहते म्हणून."

"नक्की? नंतर रडत बसशील."

"बसेन की. मला पहिलीत सोडून तू रोज शाळेच्या गेटाबाहेर रडत उभी राहायचीस, पण एकदाही परत घरी नेलं नाहीस. आता गेटाबाहेर मी थांबते, आई."