शेवटचं नाव

या माउली, असे जवळ सरकून बसा. नदीने परत दिलेल्या एका लेकीची गोष्ट सांगतो. आपल्या कसब्यातलं भजनी मंडळ ताम्हिणीपलीकडच्या नदीवर राफ्टिंगला गेलं. सोबत गाईड सुदर्शन आणि नदीच्या अभ्यासक पद्मजाताई. उसळतं पाणी ओलांडलं की सुदर्शन एकेकाचं नाव घ्यायचा, त्याने "आहे" म्हणायचं. सगळ्यात शेवटी तो अभिनवचं नाव घ्यायचा. अभिनव त्याच्या जोडीचा गाईड, गेल्या वर्षी इथेच बुडालेला. त्या नावाला मात्र सगळ्यांनी गप्प राहायचं.

पण हे पडले टाळकरी! बुवांची ओळ एकसुरात उचलायची सवय. प्रत्येक नावाला सगळेच गरजले, "आहे!"

"काका, भजन नाहीये हे," सुदर्शन हसला. "स्पृहा?"

"आहे!"

"अभिनव?"

सगळे गप्प. आणि मागून, पाण्यातून, आवाज आला, "आहे."

"प्रतिध्वनी असेल," टाळकऱ्यांतले यज्ञेश्वरकाका म्हणाले.

"अहो, कशाचा? आपण तर गप्प होतो," पद्मजाताई पुटपुटल्या.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. काकांच्या लेकीची, स्पृहाची, जागा रिकामी होती. तिच्या नावालाही बाकीचेच "आहे" गरजले होते. मागे ती एका फांदीला लटकलेली दिसली. सुदर्शनने दोर टाकून तिला ओढून घेतलं.

"माझा तर आवाजच फुटत नव्हता," ती म्हणाली. "ज्याने मला धरून ठेवलं होतं ना, तो दादा ओरडला. त्याला का नाही घेतलं वर?"

माउली, देवापुढे आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी अभिनवचंही घ्या. आणि घेतल्यावर क्षणभर गप्प राहा.