मुलाखतीचा सराव

"त्या दिवशी आजीने मला ओळखलंच नाही. मेंदूची डॉक्टर व्हायचं मी तेव्हाच ठरवलं," हे-वॉन म्हणाली, आणि नासपतीच्या फोडी घेऊन आलेली तिची आजी दारातच थांबली.

"ओळखलंच नाही, इथे दोन सेकंद गप्प राहायचं," बांग सर म्हणाले. "मग खाली बघायचं. तू पाढे म्हटल्यासारखं म्हणतेस. पुन्हा."

बांग सर म्हणजे देची या खासगी शिकवण्यांच्या भागातलं बडं प्रस्थ. एका वेळी एकाच मुलाला शिकवायचे, आणि नेमकं काय शिकवतात हे कुणाला धड सांगता यायचं नाही. शनिवारी हे-वॉनची मेडिकलच्या जागेसाठी मुलाखत होती. समोर दोन प्राध्यापक आणि हातात दहा मिनिटं. तेवढ्यासाठी तिच्या आईने, मि-ग्योंगने, सरांना घरी आणून सोफ्यावर बसवलं होतं आणि घरात कुणी शिंकलं तरी ती डोळे वटारत होती.

म्हातारीने बशी टेबलावर ठेवली. "ओळखलं नाही ती कुठली आजी? तुझी आई का गं, मि-ग्योंग?"

"आई, ते नुसतं कागदावर आहे," सून म्हणाली. "शाळेच्या नोंदीत दोन वर्षांपूर्वीच गेलंय. आता बदलता येत नाही."

"म्हणजे दोन वर्षं मला वेड लागलंय, आणि मला ते आज कळतंय होय?"

"वेड नाही आजी, विस्मरण." लहान पोराची समजूत काढावी तसा सरांनी सूर लावला. "परीक्षकांना असं काहीतरी लागतं. नातीसाठीच चाललंय ना सगळं? फक्त शनिवारी कॉलेजच्या गेटपाशी येऊ नका. आलातच तर कुणाशी बोलू नका."

म्हातारीने त्यांना पायांपासून केसांपर्यंत न्याहाळलं. आज सकाळीच खाली ज्येष्ठांच्या खोलीत तिने तिघींना पत्त्यांत लोळवलं होतं, कुणी कधी कुठलं पान टाकलं ते तोंडपाठ सांगून. तिने उभा जन्म बाजारात सुकी मासळी विकली होती. असल्या माणसाला तिथे कुणी मासळी निवडायलासुद्धा ठेवलं नसतं. पण नातीने कागदावरून मान वर केली नाही. राग सरांचा आला होता, मनाला लागलं ते हे.

"मास्तर, मीही एक प्रश्न विचारू का पोरीला? परीक्षक म्हणून?"

"विचारा की. तेवढाच सराव."

म्हातारी सरांच्या शेजारी ताठ बसली. "आजी तुला ओळखत नव्हती म्हणतेस. तू तर तिला ओळखतेस ना? मग नाव काय तिचं?"

हे-वॉन दोन सेकंद गप्प राहिली. मग तिने खाली बघितलं. या वेळी ते शिकवलेलं नव्हतं.

मि-ग्योंगला नाव ठाऊक होतं, पण सासूच्या देखत ते उच्चारायची तिची बिशाद नव्हती, म्हणून ती फरशी बघत राहिली. ओक-बुन. या नावाने हाक मारणारी थोरली बहीण गेली त्याला नऊ वर्षं झाली. बाकी सगळ्यांसाठी ती कुणाची तरी सून होती, कुणाची तरी आई होती, आणि आता या पोरीची आजी.

सरांनी फाइल चाळली. तिथेही काही नव्हतं. पण माणूस तयारीचा, अडला नाही.

"वा, हे विचारू शकतात बरं का. असा बारीकसा तपशील असला की खरं वाटतं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सांगा आजी, लिहून घेतो."

म्हातारीने नातीकडे पाहिलं. हे-वॉनही पेन्सिल सरसावून बसली होती, नाव आलं की पाठ करायला.

"आठवत नाही," म्हातारी म्हणाली.

सरांनी तेही लिहून घेतलं.